विश्लेषण : जुन्या पिकअपचा गिअरबॉक्स ‘जातो’ की आपण तो घालवतो?

गिअर अडायला लागला की थेट गिअरबॉक्स खाली उतरवायचा, ही आपल्याकडची पद्धत खिशाला महागात पडते. उघडण्याआधी काय तपासायचं, ऑइल कोणतं टाकायचं, घाटात न्यूट्रल का नको आणि दुरुस्तीचं बिल कसं वाचायचं, ते समजून घेऊ.

नारायणगावचे टोमॅटो माळशेज घाट उतरून कल्याण-वाशीला येतात, लासलगावचा कांदा कसाऱ्यावरून खाली येतो, देवगडची आंब्याची पेटी घाट चढून पुण्याच्या मार्केट यार्डात पोहोचते. यातला बराच माल मोठ्या ट्रकमधून नाही, तर पिकअपमधून येतो. बोलेरो पिकअप, टाटा २०७, १९८६ साली बाजारात आलेली आणि अजून रस्त्यावर दिसणारी टाटा ४०७ या गाड्या कोणाच्या तरी घराचं उत्पन्न असतात. अनेकदा मालक आणि चालक एकच. गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आलेली, मीटरवरचा आकडा कोणी खरा मानत नाही, आणि दोन दिवस गाडी उभी राहिली तर त्या आठवड्याचं गणित बिघडतं.

अशा गाडीत इंजिनच्या खालोखाल मालकाला भीती असते ती गिअरबॉक्सची. इंजिन ऑइल वेळेवर बदललं जातं, कारण ते काळं झालेलं डिपस्टिकवर दिसतं. गिअरबॉक्सला बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. जे दिसत नाही त्याची आठवण राहत नाही. मग एक दिवस दुसरा गिअर ‘कर्रर्र’ करतो, थोड्या दिवसांनी तिसरा उडायला लागतो, आणि मिस्त्री सांगतो, ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’

माझं म्हणणं साधं आहे. मॅन्युअल गिअरबॉक्स हा गाडीतल्या सर्वात टिकाऊ भागांपैकी एक आहे. तो सहसा अचानक जात नाही. आधी अनेक महिने आवाज देऊन सांगत असतो. आपण ते ऐकत नाही, आणि ऐकलं तरी चुकीच्या जागी पैसे घालतो.

गिअरबॉक्समध्ये नेमकं काय होतं?

इंजिनची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये येते. आत येणारा इनपुट शाफ्ट, खाली समांतर फिरणारा लेशाफ्ट आणि मागे चाकांकडे जाणारा मेन शाफ्ट, असे तीन मुख्य दांडे असतात. पुढे जाण्याच्या गिअरचे दाते एकमेकांत कायम अडकलेलेच असतात. गिअर टाकताना आपण दाते जुळवत नाही. मेन शाफ्टवर मोकळ्या फिरणाऱ्या गिअरला शाफ्टशी पक्कं जोडतो.

या जोडणीच्या क्षणी अडचण येते. गिअर एका वेगाने फिरत असतो, शाफ्ट दुसऱ्या. धावती लोकल पकडताना आपण आधी तिच्या वेगाने चार पावलं धावतो आणि मग पाय ठेवतो. गिअरबॉक्समध्ये ही चार पावलं धावण्याचं काम सिंक्रो रिंग करते. ही सहसा पितळेची किंवा त्यासारख्या मिश्रधातूची कडी असते. ती गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबली जाते, घर्षणाने दोघांचे वेग सारखे करते आणि मगच दाते आत बसतात.

इंजिनीअरिंगच्या परीक्षेत सिंक्रोमेशच्या आकृतीला चांगले गुण मिळतात. पण त्या आकृतीतून एक गोष्ट कळत नाही : ही कडी प्रत्येक गिअर बदलाला किंचित झिजते, आणि ती किती वर्षं टिकणार हे ऑइल आणि चालकाचा हात ठरवतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना वेगातला फरक मोठा असतो आणि गर्दीत हाच बदल सर्वाधिक होतो. म्हणून कुरकुर बहुधा दुसऱ्या गिअरपासून सुरू होते.

रिव्हर्सला अनेक जुन्या गाड्यांत सिंक्रो नसतोच. म्हणून गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबा, दोन-तीन सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरी अडला तर आधी पुढचा एखादा गिअर टाकून पाहा, आतले दांडे थांबतात. मग रिव्हर्स घ्या. यासाठी गॅरेजला जायची गरज नाही.

उघडण्याआधी : आवाज कधी येतो ते पाहा

गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे मजुरी, वेळ आणि बुडालेल्या फेऱ्या. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटांची तपासणी करायलाच हवी. ती मालक स्वतः करू शकतो.

१. इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात, चालू केल्यावर सगळेच अडतात. इथे संशय गिअरबॉक्सवर नाही, क्लचवर घ्या. क्लच पूर्ण कट होत नाही. हायड्रॉलिक क्लच असेल तर ऑइलची पातळी, मास्टर सिलिंडर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती, पाइपातली हवा पाहा. केबलचा असेल तर केबल आणि फ्री प्ले पाहा. कधी कधी दोन रबरी वॉशर बदलून काम होतं, आणि त्याच तक्रारीवर कोणीतरी गिअरबॉक्स उघडून बसलेला असतो.

२. फक्त एकच गिअर कर्रर्र करतो. त्या गिअरची सिंक्रो रिंग किंवा शंकू झिजलेला असण्याची शक्यता जास्त.

३. न्यूट्रलमध्ये, क्लचवरून पाय काढल्यावर घरघर. क्लच दाबला की बंद. इनपुट शाफ्टचं किंवा लेशाफ्टचं बेअरिंग. जुन्या डिझेल गाडीत थोडी खडखड असतेच. आवाज वाढत चाललाय का, ते महत्त्वाचं.

४. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो. रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पण उघडावा लागणार नाही. या दोन शब्दांतला फरक बिलात मोठा असतो.

५. चौथ्यात गाडी शांत, बाकीच्या गिअरमध्ये आवाज. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या बऱ्याच पाच-स्पीड गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो. ताकद लेशाफ्टवरून न जाता सरळ मागे जाते. म्हणून चौथ्यात आवाज गेला तर लेशाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या.

६. चढाला किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर गिअर उडतो. दाते गोलावलेले, शिफ्टर फोर्क झिजलेला, आतला स्प्रिंग आणि बॉल थकलेला. पण आधी बाहेरून इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग पाहा. फाटलेल्या माउंटिंगमुळेही गिअर उडतो, आणि त्याचा खर्च अगदी कमी असतो.

७. ठरावीक वेगाला थरथर किंवा गाडी उचलताना ‘ठक्’ आवाज. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, सेंटर बेअरिंग किंवा डिफरन्शियलमधला खेळ. गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही.

८. इंजिनचा आवाज वाढतो, गाडी ओढत नाही. क्लच प्लेट घसरतेय. प्लेट झिजली असेल, किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून ऑइल तिच्यावर आलं असेल.

ही यादी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. मिस्त्रीकडे जाताना ‘गिअर खराब झालाय’ असं सांगू नका. ‘इंजिन चालू असताना फक्त दुसरा अडतो, थंड गाडीत जास्त अडतो’ असं सांगा. डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगणं आणि ‘तीन दिवस संध्याकाळी ताप येतो’ सांगणं यात जो फरक आहे, तोच इथे आहे. चांगल्या मिस्त्रीला अशी माहिती हवीच असते. वाईट मिस्त्री ती ऐकून सावध होतो. दोन्हीत फायदा तुमचाच.

ऑइल : सर्वात स्वस्त दुरुस्ती

गिअर ऑइल जळत नाही, इंजिन ऑइलसारखं काजळीने काळं होत नाही. म्हणून ‘ते बदलायची गरज नसते’ असा समज आहे. पण दात्यांमध्ये ऑइल सतत चिरडलं जातं, त्याचा घट्टपणा कमी होतो, झिजलेल्या धातूची पूड त्यात फिरत राहते आणि पावसाळ्यात पाणी भरलेल्या रस्त्यातून गाडी गेली की ओलावाही शिरतो. किती किलोमीटरला बदलायचं, ते तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सतत घाट, सतत भार, सतत धूळ असेल तर त्या आकड्याआधी बदला. जुनी गाडी विकत घेतली असेल तर आधीचा मालक काहीही म्हणो, पहिलं काम ऑइल बदलण्याचं.

दुकानात डब्यावर जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन प्रकार दिसतात. ‘पाच म्हणजे चारपेक्षा भारी’ असं सांगून जीएल-५ विकलं जातं. इथे थांबा. जीएल-५ प्रामुख्याने मागच्या डिफरन्शियलसारख्या, दात्यांवर प्रचंड घसरण आणि दाब असलेल्या गिअरसाठी आहे. त्यात गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनांचं प्रमाण जास्त असतं. काही जीएल-५ ऑइल पितळेच्या सिंक्रो रिंगला मानवत नाहीत, आणि फार घसरट ऑइल असलं की रिंगला हवं ते घर्षणही मिळत नाही. म्हणून अनेक मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी कंपन्या जीएल-४ सांगतात. पुस्तिकेत जे लिहिलंय तेच टाका. ग्रेडही तीच, मग ती ८०डब्ल्यू-९० असो वा दुसरी. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांचं ऑइल वेगळं असू शकतं. एकाच डब्यातून दोन्ही भरणारा माणूस दिसला तर विचारा.

ऑइल बदलताना चार गोष्टी पाळा.

पहिली, गाडी सपाट जागेवर हवी, आणि वर उचलायची असेल तर स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, मिस्त्रीच्या पोरानेही नाही.

दुसरी, आधी वरचा, भरायचा प्लग सैल होतो का ते पाहा आणि मगच खालचा उघडा. ऑइल सांडून टाकलं आणि वरचा प्लग गंजून बसलाय असं कळलं, तर गाडी तिथेच अडकते.

तिसरी, चार-पाच किलोमीटर चालवून ऑइल कोमट झालं की काढा. गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो.

चौथी, बहुतेक गिअरबॉक्समध्ये भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आलं की पुरे. जास्त भरलं तर फेस होतो आणि सीलमधून गळतं.

निघालेलं ऑइल फेकण्याआधी पाहा. प्लगच्या चुंबकावर राखाडी, मलमासारखी पूड असेल तर ती नेहमीची झीज. सोनेरी चमक जास्त दिसली तर सिंक्रो रिंग झिजतेय. दात्याचा तुकडा किंवा बेअरिंगची कपची सापडली तर गाडी पुढे चालवू नका. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. त्याच वेळी गिअरबॉक्सच्या वरचा ब्रीदर साफ करा. हवा जायची ही छोटी वाट चिखलाने बुजली की आतला दाब सीलवर येतो. मग सील बदलूनही गळती थांबत नाही आणि दोष सीलच्या क्वालिटीला दिला जातो.

या सगळ्याचा खर्च काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारापर्यंत. गिअरबॉक्स उघडल्यावरचं बिल सहज पाच आकड्यांत जातं.

घाटात न्यूट्रल : डिझेल वाचत नाही, जीव जातो

पुण्यात नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, तो अपघातांमुळे. गाडी न्यूट्रलमध्ये उतरवू नका, इंजिन बंद करू नका, असं तिथे पोलिस आणि आरटीओ वारंवार सांगत आले आहेत. तरी ‘उताराला डिझेल कशाला जाळायचं’ हा हिशेब काही चालकांच्या डोक्यातून जात नाही.

हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कॉमन रेल डिझेल इंजिन इंधन जवळपास पूर्ण तोडतं, कारण चाकंच इंजिनला फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनला स्वतःला चालू ठेवण्यासाठी डिझेल लागतं. म्हणजे चालू इंजिनने न्यूट्रलमध्ये उतरणारा उलट जास्त डिझेल जाळतो. आणि इंजिन बंद केलं तर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांत संपते, पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. इंजिनची ओढ नसल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की लागत नाहीत.

गिअरबॉक्सचंही यात नुकसान आहे. आतलं ऑइल वर उडवण्याचं काम खालचा लेशाफ्ट करतो. इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये असली की लेशाफ्ट थांबतो, पण चाकांना जोडलेला मेन शाफ्ट गरगर फिरत राहतो. कोरडाच. म्हणूनच बंद पडलेली पिकअप मागची चाकं रस्त्यावर ठेवून लांब ओढून न्यायची असेल, तर प्रोपेलर शाफ्ट सोडवणं शहाणपणाचं. चार बोल्टचं काम आहे. ते न केल्याने इंजिनच्या दुरुस्तीला गेलेली गाडी गिअरबॉक्सची दुरुस्ती घेऊन येते.

जुने चालक सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरवायचा. आजही हा नियम चांगला आहे.

हाताच्या आणि पायाच्या सवयी

गिअरच्या दांड्यावर हात टेकवून गाडी चालवली की तो भार आत फोर्कवर पडतो. क्लचवर पाय ठेवून चालवलं की रिलीज बेअरिंग विनाकारण फिरत राहतं. चढावर हँडब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी धरली की प्लेट जळते, आणि न कटणारा क्लच पुढे सिंक्रो रिंग खातो.

सर्वात मोठी सवय मात्र भाराची. दीड टनाच्या गाडीत अडीच टन ‘बसतो’, कारण पाटे वाढवलेले असतात. पाटे वाढवता येतात. आतले दाते आणि बेअरिंग वाढत नाहीत. पहिल्या गिअरमध्ये इंजिनचा जोर साधारण चौपट होऊन पुढे जातो. जास्तीचा माल उचलताना हा जोर दात्याच्या बोटभर रुंदीवर येतो. मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. पण दंड चुकवला म्हणून भार चुकत नाही. त्याची पावती गिअरबॉक्स नंतर देतो.

इथे फक्त चालकाला झोडपणं मला पटत नाही. फेरीमागे भाडं ठरलेलं असतं, डिझेल वाढतं, भाडं वाढत नाही. व्यापारी म्हणतो, ‘आणखी दहा क्रेट टाक, नाहीतर दुसरी गाडी बघतो.’ पण या दहा क्रेटचे पैसे व्यापाऱ्याकडे जातात आणि झीज मालकाकडे राहते, एवढं तरी मालकाने हिशेबात धरायला हवं.

उतरवायचाच असेल तर अर्धं काम नको

तपासणीत खरंच आतला दोष निघाला, तर काम करावं लागेल. इथे दोन टोकं टाळायची. एक, ‘फक्त तेवढाच पार्ट बदला.’ दुसरं, ‘पूर्ण सेट बदलून टाकू.’

गिअरबॉक्स खाली आला की मजुरीचा मोठा भाग झालेला असतो. त्यामुळे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग आणि क्रँकचं मागचं ऑइल सील या पाच गोष्टी तेव्हाच पाहायच्या आणि शंका असेल तर बदलायच्या. दोनशे-चारशे रुपयांच्या सीलसाठी सहा महिन्यांनी पुन्हा गिअरबॉक्स उतरवणं ही बचत नव्हे.

आत उघडल्यावर मात्र प्रत्येक गिअर बदलायची गरज नसते. दात्याच्या पृष्ठभागावर खड्डे, तुटकी टोकं, निळसर तापलेला रंग दिसला तर तो गिअर बाद. स्वच्छ असेल तर राहू द्या. सिंक्रो रिंग शंकूवर हाताने दाबून, रिंग आणि गिअर यांतलं अंतर फीलर गेजने मोजतात. हे अंतर मर्यादेपेक्षा कमी झालं असेल तर रिंग संपली. मात्र शंकू गुळगुळीत झाला असेल तर त्यावर नवी रिंग बसवून उपयोग नाही. ‘नवीन पार्ट टाकूनही दुसरा अडतोच’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं.

मिस्त्रीच्या कामाची पारख करायची तर तीन गोष्टी पाहा. बेअरिंग काढायला पुलर वापरतो की हातोडा? काढलेले शिम, लॉक आणि स्प्रिंग क्रमाने मांडतो, मोबाइलवर फोटो काढतो की एकाच डब्यात टाकतो? आणि दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून असलेली इंटरलॉकची छोटी पिन आणि बॉल परत बसवताना तुम्हाला दिसतात का? ही पिन राहिली तर दोन गिअर एकत्र पडून गिअरबॉक्स जाम होऊ शकतो. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन थापणाऱ्यापासूनही सावध राहा. आत पडलेला त्याचा तुकडा ऑइलची वाट अडवतो.

काम झाल्यावर जुने पार्ट परत मागा आणि बिल पार्टनिहाय घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के झाला आहे, तो फायदा बिलात दिसला पाहिजे. कच्च्या कागदावरच्या ‘गिअरबॉक्स काम’ एवढ्या एका ओळीवर पुढे कोणतीही तक्रार टिकत नाही.

भंगारातला ‘रनिंग’ गिअरबॉक्स घ्यावा का?

कुर्ल्यासारख्या भंगार बाजारात पूर्ण गिअरबॉक्स मिळतो आणि वरवर तो स्वस्त वाटतो. कधी कधी तो खरंच चांगला पर्याय असतो, विशेषतः हाउसिंगलाच तडा गेला असेल तेव्हा. पण मॉडेल, इनपुट शाफ्टचे स्प्लाइन, गिअर रेशो आणि मीटरची जोडणी जुळतेय का, ते आधी पाहा. हाताने फिरवून सगळे गिअर टाकून पाहा, शाफ्ट वरखाली हलवा, आतल्या ऑइलचा नमुना पाहा.

आरसीवर इंजिन आणि चासीचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्यामुळे चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स ओळखणं अवघड. बिल न देणाऱ्याकडून घेऊ नका. वॉरंटी ‘शब्दावर’ नको, कागदावर घ्या.

जुन्या गाडीवर इतका खर्च करायचा का?

हा प्रश्न रास्त आहे. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस लागतो, आणि गाडीचं वय वाढेल तसं त्याचं शुल्कही वाढतं. धुराचा मुद्दा आहेच. गिअरबॉक्स कितीही चांगला केला तरी जुन्या इंजिनचा धूर कमी होत नाही. चासी गंजून खाल्लेली असेल, इंजिन ऑइल पीत असेल, फिटनेस आज ना उद्या नाकारला जाणार असेल, तर गिअरबॉक्सवर पैसे घालू नका. भावनेपोटी तर नाहीच.

पण चासी ठणठणीत, इंजिन ठीक, कागद चालू असतील तर एका बिघडलेल्या गिअरबॉक्ससाठी गाडी भंगारात देणं हे दात दुखतो म्हणून जबडा काढण्यासारखं आहे. साधं गणित मांडा. दुरुस्तीचं लेखी अंदाजपत्रक एका बाजूला, नव्या गाडीचा मासिक हप्ता दुसऱ्या बाजूला. दुरुस्तीचा खर्च किती हप्त्यांएवढा येतो? तेवढ्या महिन्यांपेक्षा बरीच जास्त गाडी चालणार असेल तर दुरुस्त करा. ‘लोक काय म्हणतील’ किंवा ‘शोरूमवाला लगेच लोन करून देतो’ हे या गणितातले आकडे नाहीत.

माहिती गॅरेजपर्यंत पोहोचायला हवी

शेवटचा मुद्दा मालकाच्या हातातला नाही. जुन्या पिकअप बहुतेक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नाही, तर रस्त्याकडेच्या गॅरेजला दुरुस्त होतात. तिथला मिस्त्री अनुभवाने तरबेज असतो, पण कोणता बोल्ट किती आवळायचा, सिंक्रोची मर्यादा किती, शिम किती जाडीची, हे आकडे त्याच्याकडे नसतात. ते कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतात. तिसऱ्या मालकाकडे तर साधी वापरपुस्तिकाही पोहोचलेली नसते.

हा प्रश्न नवा नाही. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजना खुली नसल्याच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या कक्षेत वाहनं आणि शेतीची अवजारंही होती. डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. पण फोनची स्क्रीन आणि पिकअपचा गिअरबॉक्स यांची गरज सारखी नाही. पिकअपवर घर चालतं.

मागणी फार मोठी नाही. कंपन्यांनी प्रत्येक मालवाहू मॉडेलची ऑइलची ग्रेड, प्रमाण, बदलायचं अंतर आणि झिजेच्या मर्यादा मराठीत, मोबाइलवर वाचता येतील अशा मोफत द्याव्यात. गाडीचं उत्पादन बंद झालं तरी ती माहिती काढून टाकू नये. बॉनेटखाली एक क्यूआर कोड चिकटवायला असा काय खर्च येतो? आणि आयटीआयमध्ये शिकवताना कापलेल्या नव्या मॉडेलबरोबर झिजलेला, खऱ्या गाडीतून निघालेला गिअरबॉक्सही टेबलावर ठेवावा. पोरांना नोकरीत तोच भेटणार आहे.

तोपर्यंत काही गोष्टी आपल्या हातात आहेत. या आठवड्यात गाडीखाली वाकून गिअरबॉक्सला ओल आहे का ते पाहा. ऑइल शेवटचं कधी बदललं हे आठवत नसेल तर बदला, तारीख आणि किलोमीटर दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पुढच्या वेळी गिअर अडला की जोर लावू नका. आधी इंजिन बंद करून तोच गिअर टाकून पाहा. सहज पडला तर गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका, आधी क्लच तपासून घ्या.